दोन्ही घरांच्या तोंडी बसेल असं लेकीचं नाव

नावाचा अर्थ कुणी विचारला तरच सांगावा लागतो. स्पेलिंग अर्ज भरताना लागतं. हाक मात्र दिवसभर मारली जाते. म्हणून दोन भाषांच्या घरात मुलीचं नाव शोधताना माझा क्रम पक्का आहे: आधी उच्चार, मग लेखन, मग अर्थ. बहुतेक जोडपी नेमकं उलटं करतात. अर्थावरून यादी काढतात, त्यातलं एखादं नाव मनात घर करून बसतं आणि मग कळतं की दोनपैकी एका आजीला ते म्हणताच येत नाही.

मी मराठी, नवऱ्याची मातृभाषा स्पॅनिश. लेकीच्या वेळी आम्ही दोघांनी या प्रश्नाचा बराच कीस काढला. तेव्हापासून नात्यातली, ओळखीतली कुणी दुसऱ्या भाषेच्या घरात गेलेली मुलगी असली आणि तिला दिवस गेले, की तिचा मला फोन येतो. तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. लेकीचं नाव मात्र लिहीत नाही. ते कुठे छापायचं हे मोठी झाल्यावर तिचं तीच ठरवेल.

आधी न येणारे आवाज लिहा

एक कागद घ्या, दोन रकाने करा. तुमच्या भाषेतले कोणते आवाज समोरच्या भाषेत नाहीत ते एकात, आणि त्यांचे कोणते आवाज तुमच्याकडे नाहीत ते दुसऱ्यात. हे काम दोघांनी एकत्र बसूनच करायचं, कारण आपल्याला सहज येणारा आवाज दुसऱ्याला येत नाही हे आपल्या लक्षातच येत नाही.

आमचा मराठीचा रकाना भरत गेला तसतशी माझी आवडती नावं गळत गेली. स्पॅनिशमध्ये ह लिहितात पण म्हणत नाहीत, म्हणजे हेमाची एमा होते. व आणि ब यांत फरक नाही, वेदाची बेदा होते. श नाही, त्यामुळे आशाची आसा होते, नाहीतर आचा. शब्दाच्या सुरुवातीला स् ला जोडून दुसरं व्यंजन आलं की आधी ए लावल्याशिवाय जीभ पुढे सरकत नाही: स्मिताची एस्मिता, स्नेहाची एस्नेआ. रोमन जे चा उच्चार घशातून ख सारखा होतो, मग जुईची खुई आणि जाईची खाई. ण, ळ, ठ, ढ यांचं तर नावच काढायला नको.

प्रत्येक भाषेचा असा स्वतःचा चाळणीचा आकार असतो. जर्मनमध्ये जे म्हणजे य, आणि स्वराआधीचा एस पुष्कळ जण इंग्रजी झेडसारखा म्हणतात, त्यामुळे सीतेची झीटा होते. जपानीत ल आणि र एकच, व चा ब होतो, आणि जोडाक्षराच्या मध्ये एक स्वर येऊन बसतो, म्हणून प्रियाची पुरिया होते. पण जपानी शब्द बहुतेक स्वरान्त असतात आणि आपली मुलींची नावंही, त्यामुळे मीना, रीना, माया अशी नावं तिथे अगदी घरची वाटतात. अरबीत प नाही, पल्लवी बल्लवी होईल.

परदेशापर्यंत जायचीही गरज नाही. माझी मावसबहीण बंगाली घरात आहे. तिला अनन्या ठेवायचं होतं. सासरी ते ओनोन्ना होतं. स्वातीची शाती, वसुधाची बोशुधा. लिपी वेगळी असली तरी शब्द तोच, अर्थ तोच, दोन्हीकडे पूज्य, आणि तरी मूल दोन घरांत दोन वेगळ्या हाका ऐकत वाढणार. तिला मी विचारलं, ही दुसरी हाक तुला गोड वाटते का? ती म्हणाली, वाटते. मग काही अडचणच नाही. उच्चार बदलणं हा दोष नाही. बदललेला उच्चार ऐकून आईबापांच्या कपाळाला आठी पडत असेल, तर तो दोष आहे. कारण मुलीला आजीची हाक कळते तशी ती आठीही कळते.

एकच नवा आवाज

आता इथे बरेच जण घाबरून दुसऱ्या टोकाला जातात. कुणालाच त्रास नको म्हणून सगळे आवाज गाळत गाळत शेवटी माया, मीरा, तारा, नीना, सारा या पाच-सहा नावांशी येऊन थांबतात. नावं सुंदर आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण दुसरं काही धरवलं नाही म्हणून यातलं एक घेतलं, असं होऊ नये.

माझा नियम असा: नावात प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त एक गोष्ट नवी असावी. एक आवाज माणूस प्रेमाने शिकतो. तीन शिकायला लागले तर तो नाव टाळायला लागतो, "बाळ", "पोरगी" म्हणून वेळ मारून नेतो. वैष्णवी स्पॅनिश घराला जड आहे, त्यात व दोनदा, वर ष आणि ण. राधा जड नाही. एक ध शिकला की काम झालं.

आमच्या लेकीच्या नावातही एक ध आहे. सासूबाईंना तो द पेक्षा वेगळा ऐकूच येत नव्हता. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांमधला द अगदी मऊ होतो, जिभेचं टोक दातांना जेमतेम लागतं, त्यामुळे त्यांचा ध आणखीच विरघळायचा. मी कागदाची बारीक पट्टी कापून त्यांच्या ओठांसमोर धरली. द म्हणा, पट्टी गप्प. ध म्हणा, पट्टी हलली पाहिजे. पहिल्यांदा त्यांनी नुसतीच फुंकर मारली. मग द आणि फुंकर वेगवेगळी आली, मध्ये फट. मग हळूहळू दोन्ही एकत्र आले. पट्टी हलल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारून बोलावलं आणि पुन्हा म्हणून दाखवलं. हा उपाय ख, थ, फ, भ सगळ्यांना चालतो, आणि बाळ यायच्या आधीच करून घ्यावा. आजीला नातीच्या तोंडून दुरुस्ती ऐकावी लागू नये.

उलट बाजूचं शिकणं आपल्या आईवडिलांचं. माझ्या आईला स्पॅनिशचा थरथरता र जमत नव्हता, म्हणून तसा र असलेली नावं आम्ही यादीतून काढली. तिचा रकाना सासूबाईंच्या रकान्याइतकाच मोलाचा. एकाच बाजूने सगळं शिकायचं असं ठरलं, की ते नाव एका घराचं होतं आणि दुसरं घर त्या नावात पाहुणं राहतं.

आघाताकडेही लक्ष ठेवा. मराठीत आपण अक्षरांवर फारसा जोर देत नाही, इंग्रजी बोलणारा कुठेतरी देणारच, आणि स्वराने संपणाऱ्या अनोळखी तीन अक्षरी नावात बहुतेक वेळा मधल्या अक्षरावर देतो. कमला हॅरिस यांचं नाव अमेरिकेत कितीतरी जण कमाला असं म्हणत राहिले. जोर पहिल्या अक्षरावर आहे हे त्यांना स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मधुरा, शर्वरी, कस्तुरी यांचं तेच होणार. हे नको असेल तर दोन अक्षरी नाव घ्या, किंवा मधलंच अक्षर दीर्घ आहे असं, म्हणजे सुनीता, कल्याणी.

मग लेखन

डबल ई आणि डबल ओ ही इंग्रजीची सवय आहे, रोमन लिपीची नव्हे. मीरा डबल ई ने लिहिलंत तर स्पॅनिश माणूस मेएरा वाचेल, पूजा डबल ओ ने लिहिलंत तर पोओखा. एका आय ने आणि एका यू ने लिहिलेलं नाव बहुतेक युरोपीय भाषांत बरोबर वाचलं जातं. डबल एल तर फारच फसवं. स्पॅनिशमध्ये त्याचा य होतो, म्हणजे मल्लिका ही मायीका आणि पल्लवी ही पायाबी. जी च्या पुढे आय किंवा ई आलं की तिथे पुन्हा तो घशातला ख येतो, त्यामुळे गीताचं नाव खीता असं पुकारलं जातं.

आपल्याकडेही याचे नमुने आहेत. आपण लता लिहिताना टी च्या पुढे एच घालत नाही, तमिळ आणि मल्याळी घरांत घालतात, कारण त्यांच्या हिशेबात एच नसला तर तो ट. मराठी-तमिळ घरात या एका अक्षरावरून खरोखर वाद होतात. ज्ञ आपण डी-एन-वाय ने लिहितो, हिंदी माणूस जी-वाय ने, त्यामुळे ज्ञानदा नाव अमराठी घरात जायचं असेल तर तीनदा विचार करा. सई आणि साई रोमनमध्ये एकच दिसतात. आणि इला, इरा अशा नावांतला सुरुवातीचा मोठा आय अनेक छपाईत छोट्या एल सारखा दिसतो. लोक लला, लरा वाचतात.

परीक्षा सोपी आहे. नाव कागदावर लिहून समोरच्या भाषेतल्या माणसाला द्या, आधी उच्चार सांगू नका, आणि वाचायला सांगा. असं चार-पाच जणांकडून करून घ्या. त्यांत निदान एक जण तुमच्या घराला अजिबात न ओळखणारा हवा, कारण शाळेतली हजेरी आणि दवाखान्यातला पुकारा असाच अनोळखी माणूस करणार आहे. लांब राहणाऱ्यांना फोटो पाठवा आणि आवाज रेकॉर्ड करून मागवा. रेकॉर्डिंग का, तर समोर असलो की आपण न कळत ओठ हलवून मदत करतो.

अर्थ दोन्हीकडून तपासा

आईला इरा हवं होतं. वाणी, पृथ्वी, दोन अक्षरं, कुठे अडखळायला जागा नाही. शिवाय रशियनमध्ये इरा हे इरिनाचं लाडकं रूप, म्हणजे तिकडेही मुलीचंच. पण इंग्रजीत इरा हे हिब्रूतून आलेलं पुरुषाचं नाव आहे, आणि स्पॅनिशमध्ये इरा म्हणजे क्रोध. लेकीला तिच्या वडिलांच्या भाषेत कुणी रोज क्रोध म्हणून हाक मारावी हे मला सहन झालं नसतं. आईला मी हेच सांगितलं, तिने पुढे एक शब्द काढला नाही.

या चाळणीत स्पॅनिशपुरती बरीच नावं अडकली. लता म्हणजे पत्र्याचा डबा, आणि बोलीत कटकट. माला म्हणजे वाईट. तारा म्हणजे खोट, वैगुण्य. तेच तारा आयर्लंडमध्ये जुन्या राजांच्या टेकडीचं आणि मुलीचं छान नाव आहे. मीरा म्हणजे "बघ". त्या घरात दर दोन वाक्यांमागे कुणीतरी कुणालातरी "मीरा, मीरा" म्हणत असतं आणि बिचारी पोर प्रत्येक वेळी वळून बघणार. उलट काही योगायोग सुखद निघाले. कांता म्हणजे "ती गाते". सरिता हे साराचं लाडकं रूप. एकूणच इता हा शेवट त्यांच्याकडे लाडाचा, त्यामुळे अनिता, ललिता, नमिता या नावांकडे स्पॅनिश कान आपोआप मायेने वळतो.

इतर भाषांतली काही उदाहरणं, फार न थांबता: जर्मनमध्ये लिला म्हणजे जांभळा रंग, त्यात वाईट काही नाही. निधी इंग्रजीत कानाला "गरजू" असं लागतं. निकिता रशियात पुरुषाचं नाव आहे, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह निकिताच होते.

आता उलट दिशा, जी लोक हमखास विसरतात. नवऱ्याला मार हे नाव फार आवडायचं. तिकडे त्याचा अर्थ समुद्र, आणि ते मुलीचं रुळलेलं नाव आहे. मराठी घरात मुलीला "मार" अशी हाक कशी मारणार? सोल म्हणजे सूर्य. आपल्याकडे सोल म्हटलं की माणूस वाटाणे घेऊन बसेल. इटालियन कियारा रोमनमध्ये सीएच ने लिहितात, आपण ते चिआरा वाचतो. परकी नावं आपल्या बाजूने तितक्याच कडकपणे तपासा.

अर्थ विचारायचा तो वडीलधाऱ्यांना नाही, पंधरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींना. शाळेच्या मैदानावर कोणत्या शब्दावरून चिडवतात हे त्यांनाच माहीत असतं, आजी-आजोबांना शब्दकोशातला अर्थ माहीत असतो. लाडाची रूपंही त्यांच्यासमोर म्हणून बघा. प्रत्येक भाषा नाव आपल्या पद्धतीने तोडते: स्पॅनिश दोलोरेसची लोला करते, रशियन अलेक्सांद्राची साशा, आपण अनुराधाची अनू. तुम्ही ठेवलेलं नाव छान असेल आणि त्याचं तुटलेलं रूप नको ते असेल, तर हाक त्या तुटलेल्या रूपाचीच होणार.

काही नावं आज चांगली असतात आणि उद्या जगात काहीतरी घडून त्यांचं वजन बदलतं. 2014 साली अलेक्सा नावाचं बोलकं यंत्र बाजारात आलं आणि अमेरिकेत मुलींना ते नाव ठेवणं झपाट्याने कमी झालं. याला इलाज नाही, त्याची काळजीही करत बसू नका.

कायदा आणि कागद

नाव कुठे नोंदवणार त्या देशाचा नियम आधी वाचा. डेन्मार्कमध्ये मान्य नावांची यादी आहे, तिच्याबाहेरचं हवं तर अर्ज करावा लागतो. आइसलँडमध्ये नोंदीत नसलेलं नाव समितीपुढे जातं आणि ते आइसलँडिक व्याकरणाच्या प्रत्ययांत बसतं का हेही बघतात. जपानच्या कुटुंबनोंदणीत कोणती चिनी अक्षरं नावात चालतील हे ठरलेलं आहे. भारतात मात्र सवड आहे, जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव नंतर घालता येतं.

एक निकाल मी प्रत्येकीला सांगते, कारण तो आपल्याच एका नावावरचा आहे. जर्मनीत एका मुलीचं नाव किरण ठेवलं होतं. नोंदणी कार्यालयाने ते नाकारलं: नुसत्या किरण वरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. प्रकरण थेट तिथल्या संघीय घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पहिल्या नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. तिथे कोमल, शीतल, नूतन यांच्यापैकी काही ठेवायचं असेल तर हा निकाल ठाऊक असलेला बरा.

पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 खुणांच्या. नावाच्या वाट्याला त्यांतल्या 39 येतात आणि तिथे फक्त साधी रोमन अक्षरं चालतात. दोन टिंबं, वरची नागमोडी रेघ, सगळं तिथे बदलतं किंवा गळतं. मराठी पद्धतीने मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि वर स्पॅनिश पद्धतीची दोन आडनावं असा थाट केलात तर ओळ पुरणार नाही. एकदा मोजून बघा.

दोन घरांची दोन वेगळी नावं ठेवावीत का, हेही मला विचारतात. दोन्ही नावं रोज वापरात राहणार असतील तर जरूर ठेवा. एक कागदावर आणि एक तोंडात, तेही दुसऱ्या घराचं मन राखायला, असं असेल तर ठेवू नका. कागदावरचं नाव शाळेत, नोकरीत, तिकिटावर जाईल आणि ज्या घराचं नाव फक्त तोंडी आहे ते घर हळूहळू तिच्या आयुष्यातून पुसट होईल. त्यापेक्षा दोघांच्या भाषांत मुळातूनच असलेली नावं शोधा, ती असतात. नाओमी हिब्रू आहे आणि जपानीही. टेनिसपटू नाओमी ओसाकाची आई जपानी आणि वडील हैतीचे. मीना फारसीतही आहे. मीरा स्लाव्ह भाषांत शांततेशी जोडलेलं आहे. इंदिरा नावाच्या बायका मध्य आशियात सर्रास भेटतात. आमच्यासारख्या घरासाठी अमाया आहे: बास्क मुळाचं, स्पॅनिशमध्ये रुळलेलं, आणि संस्कृतात निष्कपट.

कुणाला किती विचारायचं

सगळ्यांना यादी दाखवू नका. मत मागितलं की मतदान होतं, आणि ज्याचं नाव हरतं तो बाळाच्या नावावर कायमचा रुसतो. मी म्हणते, दोन्ही घरांना नकाराचा हक्क द्या, निवडीचा नको. शेवटची दोन-तीन नावं राहिली की एवढंच विचारा: यातलं कुठलं तुम्हाला म्हणता येत नाही, किंवा ऐकवत नाही? कारण सांगितलं तर मनापासून ऐका. कधी ते कारण तुमच्या कागदावर कुठेच नसतं. घरातल्या अकाली गेलेल्या कुणाचं ते नाव असतं, किंवा जिवंत माणसाचं. काही ज्यू घराण्यांत हयात आजीचं नाव नातीला देत नाहीत, काहींत मुद्दाम देतात. असा नकार आला तर वाद घालू नका, नाव सोडा.

उरलेली दोन नावं आळीपाळीने काही दिवस पोटातल्या बाळासाठी वापरून बघा. आतल्या खोलीतून हाक मारा. रागावून म्हणा. फोनवर अनोळखी माणसाला अक्षर-अक्षर सांगा. ज्या नावाने तुमची जीभ स्वतःहून लाडाचं रूप तयार करते ते पुढे ठेवा. आणि हे दोघांनी करायचं, नवऱ्याने त्याच्या भाषेच्या लयीत, तुम्ही तुमच्या.

नोंदणीच्या दिवशी नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद बरोबर न्या, तोंडी सांगू नका. समोरचा माणूस ऐकलेलं त्याच्या भाषेच्या स्पेलिंगने लिहितो, आणि एक जादा एच काढायला पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. छापील मसुदा हातात आला की दोघांनी वेगवेगळं वाचा, एकाने शेवटच्या अक्षरापासून उलटं. मग सही करा.